पेटी चांगली आहे, मिस्त्री

मिस्त्री, फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हाच लिहायला हवं होतं, निदान तुमच्यामागं काकी होत्या तोवर त्यांना तरी. पण लिहायला बसलं की हात थांबायचा, आणि मग वाटायचं, आता कशाला, माणूस तर गेलं. आज लिहितोय ते काही तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू. तारांचं एक काम अडलंय आणि त्याबद्दल विचारावं असं दुसरं कुणी मला उरलेलं नाही. सिग्नलच्या खात्यातले माझ्या बरोबरीचे बरेचसे गेले, जे आहेत त्यांना ऐकू येत नाही. मुलगा आहे, पण तो नवलाख उंबरे गावात राहतो, कारखान्यात मशिनवर असतो. फोन केला की "आबा, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका" एवढंच म्हणतो. करून घेऊ नका म्हटल्यानं ताप उतरला असता तर डॉक्टर कशाला लागले असते?

तुम्ही आमची वाडी पाहिली होती. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या पुढं, डोंगराच्या पोटाला चिकटलेली. माझ्या लग्नाला आला होतात, मांडवातून वर बघून म्हणालात, "लेका, ह्यो डोंगर तुमच्या ताटात वाकून बघतोय की." सगळे हसले होते. मागच्या पावसाळ्यात त्याच डोंगराला वरच्या माळावर, करवंदीच्या जाळ्यांमागं, भेग पडली. आधी वाटलं उन्हानं जमीन तडकलीय, पण ऐन पावसात कुठली जमीन तडकते? हात आत जाईल एवढी ती झाली तेव्हा सरकारी माणसं आली, भेगेत माती भरली, वरून प्लॅस्टिक अंथरलं, आणि आम्हाला सांगितलं की पावसाचा जोर असेल तेव्हा घरात झोपायचं नाही, खालच्या शाळेत झोपायचं. आम्ही झोपलो. सबंध पावसाळा अंथरुणं डोक्यावर घेऊन वर-खाली केलं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गाभण गाई मागं ठेवून आलेल्या बायका, सगळी एका वर्गात. भिंतीवर बाराखडी आणि खाली आम्ही. माझी बायको तर फरशीवर झोपून झोपून कमरेत वाकली. "डोंगर पडायचा तवा पडंल, मी आदी हितंच मरन," म्हणायची.

आता पुण्याहून एका संस्थेची माणसं डोंगरावर सेन्सर बसवतायत. भेग किती रुंदावली ते कळणारे काही, जमीन किती कलली ते कळणारे काही, आणि जमिनीच्या पोटात पाण्याचा दाब किती वाढला ते कळणारे काही. जे कळेल ते लिहून ठेवणारं एक यंत्र शाळेत राहणार, त्याला डेटालॉगर म्हणतात. डोंगर हलायला लागला की ते यंत्र शाळेवरचा भोंगा वाजवणार आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडणार. म्हणजे भोंगा वाजला तरच शाळेत जायचं, एरवी आपापल्या घरात सुखानं झोपायचं. वाडीला हे पटलंय, आणि पटणारच. पण पटताना सगळ्यांनी एक अट घातली, आणि ती अट म्हणजे मी. "म्हातारा आख्खी हयात रेल्वेत सिग्नलच्या तारा जोडत व्हता. त्यानं सांगू द्या यंत्र खरं हाय का, मग आमी घरात झोपू." असं भर सभेत ठरलं. मुलानंही फोनवर तेच सांगितलं: "आबा, तुम्ही ठीक म्हणालात तर आई राहू दे तिथं. नाहीतर दोघांना इकडे घेऊन येतो, मग काही ऐकणार नाही." आता सांगा, सातवी नापास माणसाच्या मानेवर हे ओझं ठेवतात का कुणी? मी खलाशी, म्हणजे नुसता हाताखालचा गडी होतो, मेंटेनर तुम्ही होतात. मी तारा ओढल्या, कुठली तार कुठं जाते ते तुम्ही सांगायचात. पण वाडीला हा फरक कोण समजावणार?

काम अडलंय ते एका मधल्या पेटीवर. त्या लॉगरला तोंडं थोडी आहेत आणि वर सेन्सर पुष्कळ. प्रत्येकाची वेगळी केबल डोंगरावरून शाळेपर्यंत ओढायची म्हटली तर केबलचाच डोंगर होईल. म्हणून वर भेगेजवळ एक पेटी ठेवायची, सगळे सेन्सर तिला जोडायचे, आणि ती पेटी त्यांना पाळीपाळीनं लॉगरपुढं उभं करणार. आधी हा बोलेल, तो बाजूला झाला की पुढचा. ह्या पेटीला मल्टिप्लेक्सर म्हणतात. नाव जड आहे, काम रेशनच्या रांगेतल्या शिपायाचं. संस्थेतर्फे आलेली इंजिनियर मुलगी आहे, माझ्या नातीहून थोडी मोठी असेल, सगळे तिला ताई म्हणतात, तिनं दोन जातींच्या पेट्या आणल्यात आणि दोन्ही शाळेच्या ओसरीत टेबलावर मांडल्यात. एक रिलेची, म्हणजे आपल्यासारखी, आत बारीक बारीक रिले, म्हणजे विजेनं ओढले जाणारे खटके, खरोखरीची पाती हलणार, टेकणार, सुटणार. दुसरी इलेक्ट्रॉनिक, तिच्यात हलणारं काहीच नाही, चिपच्या आतल्या आत वाट उघडते आणि बंद होते. तिसरीही एक जात होती म्हणे, एकाच केबलवर सगळे सेन्सर ओवायचे, माळेत मणी ओवावे तसे, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याचा नंबर. पण ती ताईनं स्वतःच बाद केली. आमच्याकडं रानडुकरं जमीन उकरतात. केबल एका जागी तुटली की पलीकडचे सगळे मणी मुके.

रिलेचं नाव ऐकलं आणि मला लोणावळ्याचं तुमचं क्वार्टर आठवलं. स्वयंपाकघर म्हणजे दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पिठाचा डबा, आणि काकी स्टोपुढं बसून भाकऱ्या थापतायत. मी नवीन लागलेला, ट्रॅक सर्किट म्हणजे काय ते मला काही केल्या कळत नाही, आणि तुम्ही ड्युटीवरून येऊन टोपीसुद्धा न काढता काकींच्या हातातलं उलथनं घेता. दुसरं उलथनं मांडणीवरून काढता. दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी ठेवता. "ह्ये रूळ." एका टोकाला बॅटरीचा सेल, दुसऱ्या टोकाला टॉर्चचा दिवा. दिवा लागतो. "दिवा लागला म्हंजी लाइन मोकळी, सिग्नल हिरवा." मग सांडशी घेऊन दोन्ही उलथन्यांवर आडवी टाकता. "ही गाडी आली." दिवा विझतो. काकी म्हणतात, "तुमची गाडी लवकर न्या पुढं, माजी भाकरी करपतीय." तुम्ही सांडशी उचलता, दिवा लागतो, आणि मग तुम्ही गुपचूप सेलची तार ओढून काढता. दिवा परत विझतो. "आता सांग, गाडी आली का?" मी म्हणतो, न्हाई आली. "मग सिग्नल काय दावतोय?" लाल. "बराबर. गाडी आली तरी लाल, तार तुटली तरी लाल, सेल मेला तरी लाल. लोखंडाला अक्कल नसती गड्या. ते चुकणारच. पन चुकायचं तर भीतीच्या बाजूला चुकायचं, ही अक्कल आपन घालायची." त्या दिवशी वाकटाचं कालवण होतं. गाडीखाली आलेलं उलथनं धुऊन काकींनी त्यानंच मला भाकरी वाढली.

तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं की एवढे हुशार उमेदवार होते, त्यातून मला का मागून घेतलंत. तुम्ही म्हणालात, "तू भित्रा हायेस म्हणून. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बगतोस, म्या बगितलं." मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कशासाठी तरी निवडलं, आणि ते भित्रेपणासाठी.

बघा, भरकटलो. तर ओसरीत पेट्या मांडल्यापासून वाडीला करमणूक झाली आहे. कामाला जाता-येता जो तो तिथं टेकतो. रिलेची पेटी सुरू केली की टिक, टिक, टिक करत एकेका सेन्सरवर जाते. सगळ्यांना ती लगेच आवडली. माझा शेजारी, ज्याला सगळे भाऊ म्हणतात आणि ज्याची जीभ तुम्हाला आठवत असेल, लग्नात तुमच्या मिशांवरून चिडवत होता तो, म्हणाला, "ही बाई बोलकी हाय. ती दुसरी मुकी. घरात मुकी सून चालंल, मुकं यंत्र नको." त्याची सून मागंच पाण्याची कळशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मामा, मी बोलायला लागले तर तुमास्नी भोंगा लागायचा न्हाई." सगळी ओसरी हसली. ताईसुद्धा हसली, पण मग म्हणाली, "पण आजोबा, ही पेटी वर डोंगरावर बसणार, बंद डब्यात. टिकटिक तिथंच राहील. खाली शाळेत कुणालाच ऐकू येणार नाही." आणि इतके दिवस मी स्वतः त्या टिकटिकीवर जीव लावून बसलो होतो. रोज सकाळी चहा झाला की जाऊन पेटीला कान लावायचो, मोजायचो, सगळे सेन्सर बोलले की बरं वाटायचं.

आणि हे मी करावं? तुमच्या हाताखाली शिकलेल्यानं? घाटातला तो दिवस मला चांगला आठवतो. धुकं असं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. सिग्नल लालवरून हलत नव्हता, मागं मालगाडी उभी, आणि रुळाकडेच्या लोकेशन बॉक्सपाशी, रिले ठेवायच्या त्या लोखंडी कपाटापाशी, आपण दोघं ओलेचिंब. तुम्ही पलीकडं तार तपासत होतात, मी रिलेला कान लावला आणि ओरडलो, "मिस्त्री, वाजला! वाजला!" तुम्ही आलात, वर सिग्नलकडं पाहिलंत. लालच. मग माझ्याकडं पाहिलंत. "वाजला म्हंजी झालं व्हय? भांडं वाजतं म्हनून त्यात भात असतो का? कानाला कळतं का त्यो हलला. टेकला का न्हाई ते मीटर सांगतो." मीटर लावलात तर खरंच, पातं हलत होतं पण टेकत नव्हतं, दमट हवेनं टेकायच्या जागेवर मळ धरला होता. गाडी निघून गेल्यावर डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवलीत. पण ते वाक्य काही परत घेतलं नाहीत.

ताईला मी हे सांगितलं. मला वाटलं ती ऐकून घेईल आणि हसेल, म्हाताऱ्यांचं ऐकतात तसं. तिनं खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "रिलेचा मोठा दोष हाच आहे आजोबा. पाती झिजतात, मळतात, आणि बॅटरी जास्त खातात. चिपच्या पेटीत झिजण्यासारखं काही नाही, ती वेगानं फिरते आणि बॅटरी जपते. पण चिपची वाट म्हणजे सरळ तार नव्हे. तिच्यात थोडा अडथळा असतो, थोडी गळतीही. आपल्या काही सेन्सरांचा आवाजच इतका बारीक आहे की त्या गळतीत तो बदलू शकतो. आणि वीज पडली तर चिप आधी जाते." वळवाच्या विजा आमच्याकडं कशा पडतात ते तिला सांगावं लागलं नाही. शाळेमागचं आंब्याचं झाड अर्धं जळालेलं तिनं पाहिलं आहे. मी विचारलं, मग वेग? ती म्हणाली, "डोंगराला घाई नसते. घाई असते तेव्हा कुठलीच पेटी उपयोगाची नाही." हे ती सहज बोलली. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही.

मग काय, माझी घोर लावून घ्यायची सवय. उंदरांनी केबल कुरतडली तर? माकडांनी डबा उचकटला तर? डब्यात दव साचलं तर? शाळेची पोरं चार्जर लावायला यंत्राच्या सोलर पॅनेलची तार काढतील, त्याचं काय? ताई एकेकाचं उत्तर देत गेली. केबल पाइपातून, डबा कुलपात, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, सोलर पॅनेल छतावर उंच. बायको मला म्हणाली, "अवो, त्या पोरीला पानी तरी पिऊ द्या. लगीन ठरवताना बी एवडी चौकशी क्येली नव्हती माजी." पण मला थांबवेना. शेवटी मी म्हटलं, ताई, एक करा. चालू पेटीतून एका सेन्सरची तार काढा. आमच्या रेल्वेत तार तुटली की लाल व्हायचं. तुमचं काय होतं ते मला बघायचंय.

तिनं आधी इलेक्ट्रॉनिक पेटीची तार काढली. भेग मोजणाऱ्या एका सेन्सरची. सगळे वाकून पडद्याकडं बघू लागले. त्या सेन्सरच्या जागी रिकामं दिसायला हवं होतं, नाही का? तिथं आकडा आला. चांगला, शहाण्यासारखा आकडा. भाऊ म्हणाला, "आरं, तार काडली तरी चालतंय! लय भारी यंत्र हाय!" ताईनं मान हलवली. तो आकडा कुणाचा होता माहीत आहे? त्याच्या आधी ज्याची पाळी होती त्या शेजारच्या सेन्सरचा. तो बोलून गेला, पण त्याचं थोडं बळ तारेत उरलं, आणि पुढची तार मोकळी असल्यानं त्याला जायला जागा नव्हती. लॉगरनं तेच परत वाचलं. म्हणजे रांगेतला एकजण मेलाय आणि शेजारी त्याच्या नावानं हजेरी देतोय. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मला वाटलं, झालं, चिपची पेटी खोटारडी निघाली, आपला रिले असं करणार नाही. मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हटलं, आता रिलेची तार काढा. तिनं काढली. टिक झालं. आणि तिथंही आकडा आला. शेजाऱ्याचाच, जरासा उतरलेला. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "काय आबा, तुमची बी तसलीच?"

ताईला हे आधीपासून माहीत होतं. तिला त्यात नवल नव्हतं. तिनं पिशवीतून बारीक रेझिस्टर काढले आणि जोडून दाखवले. आता मोकळ्या तारेत उरलेलं बळ निचरून जातं आणि तिथं असा आकडा येतो जो कुठल्याच जिवंत सेन्सरचा असू शकत नाही. शिवाय एका जागी तिनं सेन्सरच लावला नाही, ठरलेल्या मापाचा एक रेझिस्टर लावला. त्याचा आकडा कधीच बदलायला नको. बदलला तर समजायचं की डोंगर ठीक आहे, पेटी बिघडलीय. मी म्हटलं, मग ताई, पेटी बिघडली तरी भोंगा वाजू द्या. चुकायचं तर भीतीच्या बाजूला चुकू द्या. मला वाटलं होतं, ह्यावर ती शाबासकी देईल. ती म्हणाली, "आजोबा, खोटा भोंगा दोन-चार वेळा वाजला की पुढच्या वेळी कुणी उठणार नाही. मग खराही वाया जाईल."

ह्यावर तुम्ही काय म्हणाला असतात, मिस्त्री? आपण गाडी उभी करायचो. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, प्रवासी खिडकीतून डोकी काढायचे, आणि पुढं हिरवा झाला की गाडी जायची. थांबवणं म्हणजे फक्त उशीर. पण इथं थांबवायची ती माणसं आहेत, त्यांच्या गाई आहेत, भाताची खाचरं आहेत. त्यांना दर वेळी लाल दाखवून किती दिवस शाळेच्या फरशीवर ठेवणार? शेवटी ताईनंच मार्ग काढला. पेटी बिघडली तर भोंगा नाही, शाळेवर पिवळा दिवा. पिवळा लागला आणि पाऊस जोरात असला, तर ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं शाळेत यायचं. आणि पेटी रिलेची घ्यायची, ती विजेला टिकते आणि सेन्सरचा बारीक आवाज बदलत नाही. पाती झिजायच्या आधीच बदलायची, झिजल्यावर नव्हे. हे ती लिहूनही देणार आहे.

ह्या सगळ्यात मी पडद्यावरचे आकडे चष्म्यातून नीट वाचत होतो. त्याबद्दलही तुम्हाला कधी काही बोललो नाही. रिले रूममध्ये तुम्ही नंबर विचारायचात आणि मी अंदाजानं सांगायचो. चार-पाचदा चुकल्यावर तुम्ही रागावला नाहीत. मला बाहेर उजेडात नेलंत, स्टेशनच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर वाचायला लावलंत, आणि तसेच बाजारात चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलात. पैशांचं विचारलं तर म्हणालात, "रेल्वेला आंदळा खलाशी परवडत न्हाई." चष्मा लावून दुकानाबाहेर आलो तर समोरच्या चिक्कीवाल्याच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा दिसत होती. तेव्हा मला कळलं की शाळेत मी मठ्ठ नव्हतो. मला फळाच दिसत नव्हता. एवढ्या वर्षांत कुणा गुरुजींच्या, माझ्या बापाच्या, माझ्याही लक्षात न आलेली गोष्ट तुमच्या लक्षात आली. मी रस्त्यात उभा राहून एकेक पाटी वाचत होतो आणि तुम्ही, "चल लेका, गाडी गाठायचीय," म्हणत पुढं चालत होतात.

काल संध्याकाळी देवळापुढं सभा झाली. ताईनं सगळं समजावलं, कुठं काय बिघडू शकतं तेही लपवलं नाही. मग सगळे माझ्याकडं वळले. भाऊ म्हणाला, "आबा, तिचं कळलं. तुमी सांगा. पोरंबाळं घेऊन घरात झोपू का नको?" बायका पदर सावरून बसल्या होत्या, माझी बायको त्यांच्यात पुढं. मी उभा राहिलो. मी म्हटलं, पेटी चांगली आहे. खोटं बोललो नाही. जे बघायचं ते बघितलं, ज्या तारा काढायच्या त्या काढून पाहिल्या. माझ्या अकलेप्रमाणे ती चांगलीच आहे. लोक उठले, कुणी तरी माझ्या पाठीवर थाप मारली. वाटेत बायको म्हणाली, "मंग आता हितंच ऱ्हायचं ना? पोराला सांगून टाका." इतकी खूश मी तिला मागच्या वर्षात पाहिली नव्हती. मी म्हटलं, सांगतो.

अजून फोन केलेला नाही. करवत नाही. आणि का करवत नाही ते तुम्हालाच सांगतो, कारण हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्याला पत्ताच नाही. उंदीर, माकडं, दव, एवढं सगळं मी विचारत गेलो ते वाडीसाठी नव्हतं. पेटीत खोट निघावी असं मला वाटत होतं. एक खोट निघाली असती, तिला उत्तर सापडलं नसतं, तर मी सभेत मान हलवली असती आणि मुलानं आम्हाला नेलं असतं, आणि मला कुणापुढं काही कबूल करावं लागलं नसतं. मला इथं राहायचं नाही, मिस्त्री. पेटी असो, भोंगा असो, मला त्या डोंगराची भीती वाटते. दिवसाढवळ्या चहा पितानासुद्धा वाटते. वाडीसमोर मी चांगलं म्हणालो ते खरंच आहे, आणि मला पळून जायचंय हेही खरंच आहे, आणि ह्या बाईचा सगळा जीव ह्या उंबऱ्याला अडकलाय. पन्नासएक वर्षांच्या संसारात मी तिला कधी "मला भीती वाटते" असं म्हटलेलं नाही. ती म्हणत आलीय की मी भित्रा आहे, पण ते वेगळं.

कशी सुरुवात करू? तुम्ही काकींशी सगळं बोलायचात, मी ऐकलं आहे. लवकर काही तरी कळवा. ती आत बसून इंद्रायणीचे तांदूळ निवडतेय, सबंध पावसाळ्याचे, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायला. अर्धं पोतं झालंय. ते संपायच्या आत कळवा.